मामांच्या लॅपटॉपचं बारसं

बिननावाच्या वस्तूसोबत एका छताखाली राहणं माझ्या मामेसासऱ्यांना जमत नाही. त्यांच्या दहिसरच्या घरात पंख्याचं नाव ‘आबासाहेब’, कारण बटण दाबल्यावर तो बराच वेळ विचार करतो. फ्रिज म्हणजे ‘थोरल्या काकू’. सारख्या कण्हतात, पण कामात कसूर नाही. एकदा आभाळ भरून आलं म्हणून मी जाताना छत्री मागितली, तर मामींनी आतून विचारलं, “कुठली देऊ? सुमती की ती रुसणारी?” रुसणारी मिळाली आणि ती नाक्यावर उलटी झाली.

मामा तार ऑफिसातून निवृत्त झालेले. शब्द मोजून, ठोकून पाठवायचा, ही त्यांची जन्माची सवय. मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला तेव्हा त्याचं ब्लूटूथचं नाव म्हणजे ऑफिसने चिकटवलेली अक्षरं आणि आकडे होते. मामांनी ते वाचलं आणि कैद्याचा नंबर वाचावा तसा चेहरा केला. “मामा, इथे क्लिक करा, बदलेल,” मी म्हणालो. “जावईबापू,” ते म्हणाले, “माऊसने नाव ठेवणं म्हणजे बारशाला न जाता निरोप पाठवणं.” मग त्यांनी माझ्याकडून माऊसशिवाय, आज्ञा टाइप करून काम करायच्या काळ्या पडद्याची विद्या शिकून घेतली. आधी bluetoothctl, मग system-alias, आणि पुढे एका बोटाने टाइप केलेलं नाव. एंटर दाबण्याआधी लॅपटॉपच्या कानाशी, म्हणजे जिथे तो असावा असं त्यांना वाटलं तिथे, हळूच “कुर्रर्र” केलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी दहिसर नदीवरचा उजेड पिवळा होऊन खिडकीत आला की मामा लॅपटॉपला नवं नाव देत. कधी ‘भिजलेली चिंच’, कधी ‘गोराईची शेवटची बोट’, कधी नुसतंच ‘वारा पडला’. नाव देऊन झालं की हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसत. मला वाटायचं, म्हातारपणचा छंद. मग एकदा मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, “भिंतीपलीकडे भाऊजी राहतात ना. याच वेळी ते भजनांसाठी फोनला स्पीकर जोडतात. तेव्हा त्यांच्या फोनवर आसपासच्या यंत्रांची यादी येते, आणि त्या यादीत यांनी ठेवलेलं नाव दिसतं.”

भाऊजी म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आई दोघांनाही ‘बाबू’च म्हणायची. शेवटच्या दिवशी एक जण उशाशी होता, एक पायथ्याशी. ती “बाबू” म्हणाली आणि थांबली. ती हाक कुणाला होती, यावरून तेराव्याला दोघे भांडले, ते कायमचेच.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा मामा लॅपटॉपसमोर बसले होते. एकदम म्हणाले, “पलीकडच्या फोनला आपण होऊन जोडणी मागता येते ना?”

“येते. पण त्यांनी फोनवर आलेला आकडा जुळवून हो म्हणायला हवं.”

“ते आहेच रे.”

त्यांनी नाव टाइप केलं, ‘बाबू’. या वेळी “कुर्रर्र” केलं नाही. पलीकडचा फोन पडद्यावर दिसला तशी मी सांगितलेली आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं. भजनं सुरू व्हायची वेळ झाली होती, पण पलीकडे काहीच वाजेना. मामींसकट आम्ही तिघं भिंतीकडे बघत होतो. मग पडद्यावर ओळ आली, जोडणी झाली नाही.

मामांनी लॅपटॉप मिटला. “नाही म्हणाला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला ऐकवेना.

तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून भाऊजींचा मालवणीतला आवाज आला. “बाबू रे! नाव वाचलंय! खालचो आकडो दिसना नाय, चष्मो गावना नाय माका. तूच ये हय!”

मामा उठले, पण लगेच गेले नाहीत. दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. आई गेल्यापासून त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मग अनवाणीच गेले. मामींनी मला काही न विचारता दोन कप चहा भिंतीपलीकडे पाठवला आणि पदराने उगाचच ओटा पुसत राहिल्या.

घाटकोपरला घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या फोनवरची ब्लूटूथची यादी उघडली. शेजाऱ्यांचे टीव्ही, कुणाचं घड्याळ, सगळे आकडेच आकडे. मला लहानपणी एका नावाने हाक मारायचे. ती माणसं आता नाहीत. मी ते नाव फोनला दिलं आणि थोडा वेळ खिडकीशी बसलो. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणाचं तरी बाळ हसलं. हाक कुणी मारली नाही. मीही नाव बदललं नाही.