नीट करून पाठव

मामांनी आयुष्यात एकही माणूस जसा आहे तसा दाखवला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता.

चपलांच्या दुकानावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नवरीच्या गालावरचा मुरूम, नवरदेवाच्या डोळ्यांखालची जागरणं, सासऱ्यांच्या टकलावरची चकाकी, सगळं मामांच्या टेबलावर येऊन नाहीसं व्हायचं. आधी बारीक ब्रशने, नंतर कॉम्प्युटरवर. या कामाला ते ‘हात फिरवणं’ म्हणत.

मग फोन स्वतःच हात फिरवायला लागले. स्टुडिओ बंद झाला. मामा घरी बसले.

“दिवसभर माझ्याकडे बघत असतात,” मामी नणंदेला सांगायच्या, “आणि मनातल्या मनात काहीतरी पुसत असतात.”

शेवटी नणंदेच्या मुलीलाच दया आली. ही भाची एका प्रयोगशाळेत काम करत होती. समुद्रातल्या शेवाळापासून ती जखमेवर लावायची पातळ, पारदर्शक पट्टी बनवायची. त्या पट्टीत कुंपणाला लावतात तशा एका झुडपाच्या पानांचा अर्क असायचा. अर्काने जखमेभोवतीचा दाह, म्हणजे सूज आणि लाली, कमी होते असं तिचं म्हणणं होतं. म्हणणं सिद्ध करायचं होतं. म्हणून अर्ध्या रुग्णांना अर्काची पट्टी, अर्ध्यांना साधी. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. कुणाला कुठली लावली, हे भाचीलाही ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला जखमेचा फोटो काढायचा आणि त्यावरून लाली किती उतरली हे कॉम्प्युटर मोजणार.

“मामा, फोटो काढशील?”

“कुणाचे?”

“जखमांचे.”

मामांनी थोडा विचार केला. “निदान डोळे तरी मिटणार नाहीत,” ते म्हणाले, आणि तयार झाले.

भाचीने सगळं समजावलं. दिवा तोच, अंतर तेच, जखमेशेजारी मोजपट्टी आणि रंगांच्या चौकोनांचं कार्ड. जाता जाता दारातून म्हणाली, “आणि फोटो नीट करून पाठव हं.”

“ते काय सांगायला हवं?” मामा म्हणाले.

दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत एक उंच स्टूल होतं, एक गळका नळ होता आणि सतत घाईत असलेल्या सिस्टर होत्या. मामा कॅमेरा डोळ्याला लावून प्रत्येकाला सांगत, “हसा.”

“अहो, पायाचा फोटो काढताय ना?”

“माणूस हसला की पाय सैल पडतो.”

सगळ्यात मनापासून हसायच्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या घोट्याच्या वरची जखम वर्ष झालं तरी भरत नव्हती. फोटो पायाचा असला तरी त्या केस विंचरून यायच्या. कंबर धरलेली असल्यामुळे वाकून स्वतःचा पाय बघणं त्यांना जमायचं नाही. म्हणून मामा लॅपटॉप उघडून त्यांना मागच्या आठवड्याचा फोटो दाखवत.

“कित्ती सुधारलाय!”

“बाई, अजून लाल आहे हो,” सिस्टर जखम पुसता पुसता म्हणायच्या.

“फोटोत नाहीये.”

“मी जखमेकडे बघतेय.”

“मग चष्मा बदला.”

“ठणकतं का?”

“ठणकतं. पण ते मेलं माझं नाटक असेल. फोटो बघा ना, कसा गुलाबी आहे.”

मामा खाली मान घालून लेन्स पुसत. स्तुती ऐकताना ते लेन्सच पुसत.

महिने गेले. रुग्णांच्या पट्ट्यांचं गुपित फुटायचा दिवस आला. त्या संध्याकाळी भाची मामांकडे आली ती बूट न काढता आत येऊन बसली. मामींनी विचारायच्या आधी पाणी आणलं.

“संपलं,” ती म्हणाली. “साध्या पट्टीनेही तेवढीच लाली उतरली. अगदी तेवढीच. अर्क काही करतच नाही. मी इतकी वर्षं पानं उकळत बसले. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, काम बंद करूया.”

मामांना भाचीचं रडणं बघवत नसे. ते तिच्या शेजारी जाऊन बसले.

“चिऊ, सगळ्यांची उतरली ना? मग वाईट काय झालं?”

“सगळ्यांची कशी उतरेल, मामा? साध्या पट्टीत काहीच नाहीये!”

“काहीच नाही कसं? मी होतो ना.”

भाचीने ग्लास खाली ठेवला.

“म्हणजे?”

“हात फिरवला.”

“कशावर?”

“सगळ्यांवर. मी भेदभाव करत नाही.”

पंखा फिरत होता. बाकी काही हलत नव्हतं.

“मामा, मी तुला काय सांगितलं होतं?”

“नीट करून पाठव.”

“नीट म्हणजे तारीख घालून! नंबर घालून!”

“मग तसं म्हणायचं. नीट म्हणजे नीट.”

“यांना मी एकदा ‘घर नीट करा’ म्हटलं होतं,” मामी म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी घराचा फोटो नीट करून आणला.”

भाचीला हसू आलं असतं. तिने तोंडावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “मूळ फोटो? पुसलेस?”

मामांचा अपमान झाला. इतक्या बोलण्यात पहिल्यांदाच.

“मूळ कोण पुसतं? लग्न मोडलं तरी निगेटिव्ह ठेवलीय मी.”

ते उठले आणि कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून आणला. आत कॅमेऱ्याची कार्डं होती, दर आठवड्याचं एक, वर चिकटपट्टी लावून तारीख घातलेली. नंबरही घातलेले. भाची डब्याकडे बघत राहिली.

मूळ फोटो कॉम्प्युटरला घातले गेले. मॅडमनी मामांना बोलावून घेतलं. आत काय झालं ते मामांनी कुणालाच सांगितलं नाही, पण बाहेर आलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर हात फिरवायची गरज होती.

अर्काच्या पट्टीखाली लाली लवकर ओसरली होती. चमत्कार नव्हता. साध्या पट्टीपेक्षा थोडी जास्त, पण खरी. काम चालू राहणार होतं. ज्यांना साधी पट्टी मिळाली होती, त्यांना आता अर्काची मिळणार होती. कॅमेऱ्यातलं कार्ड यापुढे भाची स्वतः काढून नेणार होती.

बाईंना साधी मिळाली होती.

“त्यांना मी सांगते,” भाची म्हणाली.

“फोटो मी दाखवले होते,” मामा म्हणाले.

बाई केस विंचरून स्टुलावर बसल्या होत्या. मामांनी लॅपटॉप उघडला आणि मूळ फोटो समोर धरला. जखमेच्या कडा सुजलेल्या. भोवती लालभडक.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

“हा माझा पाय?”

“तुमचाच.”

“आणि आधीचे?”

“ते माझे.”

वर्गात चुकलेलं गणित घेऊन उभं राहावं तसे मामा उभे होते. बाईंनी ओरडावं, अशी ते वाट बघत होते. बाई ओरडल्या नाहीत.

“म्हणजे ठणकत होतं ते खरंच ठणकत होतं.”

“हो, बाई.”

“मी घरात कुणाला बोललेच नाही. म्हटलं, फोटोत एवढं छान आहे, उगाच कांगावा कशाला.”

नळ गळत होता. मामांना लेन्स पुसावीशी वाटली. पुसली नाही.

“सिस्टर,” बाई म्हणाल्या, “तुमचा चष्मा राहू दे.”

सिस्टरनी जुनी पट्टी सोडवायला घेतली.

“आई गं!” बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेर रांगेतली माणसं डोकावली. “दुखतंय! फार दुखतंय!” मग मामांकडे बघून जरा शांतपणे म्हणाल्या, “दुखतंय हं मला.”

नवी पट्टी लावायच्या आधी फोटो काढायचा होता. मामांनी रंगांचं कार्ड ठेवलं, मोजपट्टी ठेवली, कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीचा शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

“आहात तशाच बसा,” ते म्हणाले.