तळ्यावरची ओळखपरेड

वेरिबी या ऑस्ट्रेलियन गावातल्या तळ्याकाठी तो म्हातारा रोज सकाळी दुर्बीण घेऊन बसायचा. पक्षीप्रेमी समजून मी पहिल्याच भेटीत त्याच्यापुढे शिकाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "मी शिकारीच आहे, मेट. चाळीस वर्षं."

माझ्या बहुतेक मैत्र्या अशाच सुरू होतात.

बदक उडालं की तो नाव सांगायचा. शेततळ्यावर वूड डक, खाडीकडे चेस्टनट टील. मी फोनवर फोटो काढून पडताळायचो. नाव चुकलं तर बंदी असलेला पक्षी मरतो, म्हणून शिकारीच्या सीझनआधी तो स्वतःचीच परीक्षा घ्यायचा. आणि परीक्षक कोण, तर पुण्यात बदक आणि बगळा यांत गल्लत करणारा मी!

एकदा तो ठामपणे म्हणाला, "ग्रे टील." फोटोत टीलच्या पंखावरचा पांढरा पट्टाच नव्हता. त्यानेच शिकवलेलं, पट्टा नसला तर ते फ्रेकल्ड डक. मारायला सक्त मनाई. पण त्याच्या पाणावलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांकडे बघून मी म्हटलं, "बरोब्बर!"

त्याने हात पुढे केला. "दाखव."

फोटो बराच वेळ बघून तो म्हणाला, "तुझ्या चांगुलपणाने ते मेलं असतं."

आठवडाभर त्याचा बाक रिकामा होता. मी स्वतःला दोष देत तळ्याला फेऱ्या मारल्या. मग एका सकाळी तो हजर, दुर्बीण डोळ्यांना.

"बंदूक देऊन टाकली," म्हणाला. तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी उडालं. "ब्लॅक डक!" तो ओरडला.

मी फोटो पाहिला. "साफ चूक. पाणकावळा."

तो खदखदून हसला. "आता चुकलो तरी चालतं, मेट."