जैनबबाईची दोऱ्यांची पेटी

दूध वर येत होतं, नबील एका पायात बूट घालून रुमाल शोधत होता, बल्लारपूरची गाडी सुटायला वीस मिनिटं उरली होती, आणि कडी वाजली.

फरहा दचकली. तीन दिवस झाले, कडी वाजली की तिला वाटायचं, आलं कुणीतरी आपली दोरी मागायला.

दारात मनकर्णाबाई. साठीतली, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं खाष्ट सासू केलेली. तिला वडशात कोण ओळखत नाही?

"आलापल्लीले लेकीकडं होती मी. कालच समजलं," ती उंबऱ्यावरच म्हणाली. "जैनबबाई गेली अन् मले कोणी सांगतलं बी नाई!"

नबील नमस्कार करून स्टेशनकडे पळाला. फरहानं चहा ठेवला. साखर दोनदा पडली.

जैनब ही नबीलची दादी. पंचविशीत विधवा झाली तेव्हा पदरात एक मुलगा आणि घरात एक शिलाई मशीन. पहिलं काम मिळालं ते एका नाटक मंडळाचा फाटका पडदा शिवायचं. पुढे नटांचे अंगरखे, आणि मग तिची ती नऊवारी: निऱ्या, काष्टा सगळं आधीच शिवलेलं, विंगेत मिनिटभरात अंगावर चढणारं. अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येकाचं माप एकेका दोऱ्यात, आणि ते सगळे दोरे एका पेटीत. पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी कमरेची. ओळखू यावं म्हणून शेंड्याला रंगीत चिंधी. दिवाळी झाली, नाटकांचा हंगाम आला की नट अंगणात हात पसरून उभे राहायचे. जैनब म्हणायची, "राजा झाला तू लच्छूभाऊ, पण कमरेची गाठ कुठी सरकली ते पाह्य! भाषण श्वास आत घेऊन ठोकजो, नाईतर हूक लोकायच्या अंगावर जाईन." जुनी गाठ ती कधी सोडायची नाही, शेजारी नवी मारायची. नाटक मात्र तिनं समोरून कधी पाहिलं नाही. ओढणीला सुई टोचून ती आपली विंगेत.

फरहा नातसून म्हणून आली तोवर दादीचे डोळे गेले होते, मशीनवर चादर पडली होती. पेटीची गोष्ट कधी निघालीच नाही. दादीच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी, फातिहासाठी घर आवरताना तिनं ती उघडली, तर आत हा एवढा गुंता! बी.ए. झालेली, सबुरीची बाई. दोन दुपारी बसून सुईच्या टोकानं एकूण एक गाठ सोडवली, चिंध्या फेकल्या, दोऱ्यांचे सुबक गुंडे केले. दादी खूश झाली असती, असंही वाटलं तिला. मग फातिहाला आलेला लच्छूभाऊ जाता जाता म्हणाला, "पेटी सांभाळजो बाई. आमी सारे त्यात हावो." तेव्हा कुठे तिला कळलं, त्या गाठी म्हणजे मापं होती.

"माही दोरी दे ना," कप खाली ठेवत मनकर्णाबाई म्हणाली. "लाल चिंधीची. एकोणीस वर्साची होती, तवापासूनच्या गाठी हायेत तिच्यात. मी कवा बारीक होती हे लेकीले खरंच वाटत नाई."

फरहा उठली, बसली, पुन्हा उठली. उंदरांनी कुरतडल्या म्हणता आलं असतं. तिनं गुंड्यांची परडी आणून पुढ्यात ठेवली.

"मावशी, मी सोडवल्या. गुंता समजून. सगळ्या."

एक गुंडा उलगडून मनकर्णाबाई दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. जिथे गाठी होत्या तिथे दोरा अजून मुरडलेला होता. हा तिचा की लच्छूचा, कुणाला ठाऊक.

"जैनबबाईची गाठ दातानं बी सुटत नव्हती," शेवटी ती म्हणाली. "काऊन एवढी मेहनत केली, पोरी?"

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, अंगणात गेली आणि हात पसरून उभी राहिली. फरहा लगबगीनं मशीनच्या खणातली टेप घेऊन आली.

"टेप नको," मनकर्णाबाई म्हणाली. "दोऱ्यानं माप घे माह्यं."