आबांच्या ट्रकचा डावा दरवाजा

माझ्या थोरल्या साडूंइतका फटींच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस मीरा-भाईंदरमध्ये तर सोडाच, खाडीच्या पलीकडेही सापडायचा नाही. चारचौघं कुणाच्या नव्या घरी गेली की रंग बघतात, हवा कुठून येते ते बघतात. आमचे साडू दारं बघतात. माझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा देवाला नमस्कार करायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराखाली बोट घातलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, डावीकडे दोन सूत, उजवीकडे साडेतीन. गेलं तुमचं दार!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या दिवसापर्यंत मी सुखात होतो. तेव्हापासून चहा प्यायला बसलो की मला ते दार वाकडंच दिसतं. फ्रिज असो, कपाट असो, पोह्यांचा डबा असो, झाकण नीट बसलेलं नसलं की हे गृहस्थ ते काढून पुन्हा बसवतात. एकदा लग्नाच्या पंगतीत समोरच्या आजोबांच्या कवळीकडे इतका वेळ बघत बसले की आजोबा जिलबी टाकून उठून गेले.

या सगळ्याचं मूळ म्हणजे एक ट्रक. लांब नाकाचा, गोल मडगार्डांचा, आता रस्त्यावर दिसतच नाही असला जुना ट्रक. तो साडूंच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा. आबांनी उभा जन्म त्यात मिठागरातलं मीठ वाहिलं. मिठाने घर चाललं आणि मिठानेच ट्रकचा पत्रा खाल्ला. नवघरला घराशेजारी तो बरीच वर्षं उभा होता. साडू कारकुनी करून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी बाह्या वर करून त्याच्यामागे लागले. असल्या जुन्या गाड्यांचे पत्रे हल्ली कुणीकुणी नव्याने बनवून विकतात. साडूंना एक कारखानदार सापडला थेट पंजाबात. पार्सल आलं की साडू आधी पत्र्यावर टिचकी मारून कान लावणार, बायका नारळ घेताना वाजवतात तसा. मग फोन. "भाईसाहब, हमने दरवाजा मंगवाया था, आपने पापड भेज दिया!" तो बिचारा पुढे पुढे फोनच उचलेना, तेव्हा हे माझ्या फोनवरून लावायला लागले. बॉनेट बसलं, मडगार्डं बसली, उजवा दरवाजा तर पहिल्या झटक्यात लोण्यासारखा बसला. पण डावा काही केल्या बसेना. एक परत पाठवला, दुसरा पाठवला, तिसरा पाठवला. एकाच कारखान्याचा उजवा बसतो आणि डावा का बसत नाही, असं मी भीतभीत विचारलं. "उजवा सकाळी केलाय," साडू म्हणाले, "डावा जेवून आल्यावर."

ट्रकबद्दल बोलताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "आबांनी जन्मात गाडी कुठे ठोकली नाही." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, जसं काही स्टिअरिंग यांच्याच हातात होतं. आणि ठोकलेली गाडी त्यांच्यापासून लपणं अशक्य. त्यांची मुलगी सोनल, म्हणजे माझी भाची, तिला मोरव्याहून बघायला मंडळी आली, तेव्हा हे मुलाआधी मुलाची कार बघून आले. कांदेपोह्याची बशी हातात आणि पहिला प्रश्न, "बॉनेट बदललंय ना?" मुलगा लाल झाला, त्याने एकदा आपल्या वडिलांकडे बघितलं आणि म्हणाला, "हो काका. मी ठोकली होती. पप्पांना अजून सांगितलं नाहीये." पप्पांचा पोहा घशात अडकला. साडूंनी मात्र तिथल्या तिथे लग्न पक्कं केलं. "ठोकणं गुन्हा नाही हो," ते मला म्हणाले, "लपवणं गुन्हा. मी ठोकणाऱ्याला माफ करेन, लपवणाऱ्याला कधीच नाही."

आता खरी गोष्ट. सोनल एवढीशी होती तेव्हा आबांनी तिला मांडीवर घेऊन शब्द दिला होता, की तुझी पाठवणी माझ्या गाडीतून. आबा आता काठी टेकत चालतात, गेल्या वर्षीच्या आजारातून कसेबसे उठलेत. सगळं विसरतात, पण हा शब्द विसरत नाहीत. रोज सकाळी विचारणार, "गाडी झाली का रं?" लग्न तोंडावर आलं तरी गाडी झाली नव्हती. चौथा दरवाजा साडूंनी नाइलाजाने लावला आणि हळदीच्या आदल्या संध्याकाळी ट्रक फिरवून बघायला काढला. डावीकडे बसवलं कुणाला? मला! रेल्वेवरच्या पुलाचं वळण आलं आणि खाडकन् दरवाजा उघडला. माझा एक पाय आत, एक बाहेर, खाली रिक्षावाला ओरडतोय, "अरे अंकल गिरेगा!" आणि साडू मला एका हाताने आत ओढताना म्हणतायत, "बघितलंत? वरून चार सूत!" माझा जीव गेला असता तरी यांनी आधी फट मोजली असती.

घरी आल्यावर मेहुणीबाईंनी, म्हणजे साडूंच्या पत्नीने, ऐकलं मात्र, त्यांचा आवाज चढला. "बास झालं. माझी पोर त्या गाडीत पाय ठेवणार नाही. भावजी, कार सांगून टाका." मी म्हटलं, दोरीने बांधला दरवाजा तर? साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपला चढवायला लागलो. आबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. ते उठून आत गेले आणि जेवलेही नाहीत. त्या रात्री घरात मांडव होता, तोरणं होती, पण कुणाच्या तोंडावर लग्न नव्हतं.

हळदीच्या सकाळी, आधीच मागवून ठेवलेला पाचवा दरवाजा आला. साडूंच्या अंगाला हळद लावून झाली होती, तसेच पिवळ्या हातांनी धावले. सोबतीला डेंटर, म्हणजे पत्रा ठोकणारा मिस्त्री. बिजागऱ्या आवळल्या, दरवाजा लोटला आणि तो वरच्या कोपऱ्यात अडला. तसाच. अगदी पहिल्या चारांसारखा. साडूंचा तोल सुटला. माझा फोन हिसकावून त्यांनी पंजाब लावलं आणि असं काही सुनावायला लागले की मांडवातल्या बायका गाणी थांबवून बघायला आल्या. सोनल पिवळी साडी नेसून दारात उभी, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात काठी टेकत आबा आले.

"त्याला कशाला शिव्या देतंस?" आबा म्हणाले. "त्याचा दरवाजा सरल हाय. आपली गाडी वाकडी हाय."

साडूंनी फोन खाली घेतला. "काय बोलताय आबा? आपली गाडी कधी ठोकली नाही कुठे."

"ठोकलीय." दरवाजा ज्यावर बसतो त्या केबिनच्या डाव्या खांबाला आबांनी काठी लावली. "घोडबंदरच्या वळनावर. समोरून बस आली, मी गाडी बाजूला काढली ती बांधाला घासली. तू एवढासा व्हतास, दरवाजाला टेकून झोपलेला. खांब आत आला, दरवाजा आत आला. आनि तुला ओरखडापन न्हाय. उठून मना म्हनतोस, आबा, घर आला काय?"

आबा खाली बघत राहिले. "तवाच्या तवा ठोकून घेतली. जुना दरवाजा खांबासारखाच वाकडा करून बसवला. घरी कुनाला सांगितला न्हाय. तुझ्या आयला कळला असता तर तिनं तुला परत गाडीत बसू दिला नसता. मना एकट्याला गाडी चालवायला आवडायचा न्हाय."

साडूंनी मिस्त्रीकडून दोऱ्याला बांधलेला नट मागून घेतला, ओळंब्यासारखा खांबाजवळ धरला. दोरा सरळ, खांब दोन बोटं आत. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या फटी मोजणाऱ्या माणसाने आपल्याच खांबाला कधी दोरा लावला नव्हता! मला धास्ती वाटली ती त्यांच्या त्या वाक्याची, लपवणाऱ्याला माफी नाही म्हणणाऱ्या. ते आता म्हाताऱ्याला काय बोलतात? मिस्त्री बिचारा मदत करायला गेला. "साहब, केबिन खींच के सीधा कर दूँ? दोपहर तक हो जाएगा."

"हाथ मत लगाना उसको," साडू म्हणाले. आवाज असा की मिस्त्री मागे सरला. मग त्यांनी दरवाजा काढला, रेतीच्या गोणीवर आडवा ठेवला, लाकडी हातोडा उचलला आणि तो कोरा, सरळ, नवाकोरा दरवाजा आपल्या हाताने वाकडा करायला लागले. ठोकायचे, लावून बघायचे, परत काढायचे. घाम गळत होता की रडत होते, सांगता येत नाही, हळद सगळी तोंडावर ओघळली होती. शेवटी दरवाजा लागला. खट्! वर बोट जाईल एवढी फट तशीच राहिली. सवयीने त्यांनी त्यात बोट घातलं, माझ्याकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं. मेहुणीबाईंनी तो दरवाजा गच्च ओढून, हलवून, लाथ मारून पाहिला. "जाऊ दे गाडीतून," त्या म्हणाल्या, आणि मांडवात गाणी परत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पाठवणी निघाली. साडू स्टिअरिंगवर, मधे नवरा-नवरी, डाव्या खिडकीशी आबा, नवं उपरणं घेऊन. आम्ही दोघं-चौघं मागे उभे. मोरव्याला सोनल उतरली, आजोबांच्या गळ्यात पडली, बापाच्या गळ्यात पडली. साडू तिला एवढंच म्हणाले, "काही ठोकलंस तर सांग हं बाई. माफ आहे." आणि घाईघाईने गाडीत चढले.

परतताना मधली जागा रिकामी होती. पुलावर ट्रक इतका हळू चालायला लागला की मागच्या गाड्या हॉर्न बडवायला लागल्या. बिघाड झाला की काय म्हणून मी मागच्या जाळीतून आत डोकावलो. आबा डाव्या दरवाजाला टेकून गाढ झोपले होते. आणि साडूंनी त्यांच्या उपरण्याचं टोक डाव्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं होतं. नवघर येईपर्यंत त्यांनी गिअर बदलला नाही.