बिनशाफ्टची जीप

आधीच सांगते, मी मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. भूत-प्रेत, करणी, अंगात येणं... असलं कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. आजही जाते. त्यामुळे खालचं वाचून 'काय हो, तुम्हीसुद्धा?' असं विचारू नका. तो प्रश्न मी स्वतःलाच इतक्या वेळा विचारलाय की आता कंटाळा आलाय.

गोष्ट ९४-९५च्या हिवाळ्यातली. आमचं घर बनारसला, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. गल्ली अशी, की समोरून सांड आला तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. आणि अशा घराच्या मालकीची एक जीप! माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली. फोर-व्हील ड्राइव्ह, वयाने माझ्याहून मोठी. ती घरापर्यंत कधीच आली नाही, येऊच शकत नव्हती. मैदागिनला ओळखीच्या लाकडाच्या टालीत, म्हणजे वखारीत, पत्र्याच्या कुलूपबंद शेडमध्ये ती राहायची. म्हणजे गाडी असून आधी पायपीट, आणि मग ती चालू होते का याची वाट बघणं.

बाबा गेले आणि जीप माझ्या मिस्टरांकडे आली. हे रेल्वेत. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी जीपच्या खाली. आज रेडिएटर गळतोय, उद्या ब्रेक लागत नाही, परवा कार्बोरेटर. जेवायला बसायचे ते ग्रीसची बोटं घेऊन. मी किती वेळा म्हटलं, विकून टाका. त्यावर सासूबाई विषय बदलायच्या आणि हे ऐकलंच नाही असं दाखवायचे.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एकेक गोल खटका होता. खाली उतरून तो हाताने लॉक करायचा, मग आत बसून लिव्हर ओढायचा, की पुढची चाकंही इंजिनच्या जोरावर फिरतात. रेतीत, चिखलात ते लागतं. एरवी खटके मोकळे ठेवायचे, नाहीतर गाडी जड चालते आणि पेट्रोल पिते. बाबांचा एक नियम होता. रामनगरला जाताना पीपा पूल लागतो, लोखंडी पिप्यांवर फळ्या टाकून दर हिवाळ्यात बांधतात तो. त्या पुलाच्या अलीकडेच उतरून खटके लॉक करायचे. पलीकडे सगळी गंगेची रेती. "फसल्यावर उतरून काय उपयोग?" असं म्हणायचे.

तर बाबा गेल्यावर दर रविवारी शेड उघडली की खटके लॉक झालेले. हे मोकळे करून यायचे, पुढच्या रविवारी परत लॉक. कुलूप शाबूत, किल्ली आमच्या घरात खुंटीला. यांनी टालवाल्यावर संशय घेतला, तो रागावून दोन महिने बोलला नाही. मग माझ्यावर घेतला! मी साडी नेसून मैदागिनपर्यंत खटके फिरवायला जाते म्हणे. त्यावरून आमचं जे भांडण झालं ते गल्लीने ऐकलं.

शेवटी हे वैतागून लल्लन मिस्त्रींकडे गेले. बाबांच्या वेळेपासून तेच जीप बघायचे. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि उपाय सांगितला, "भइया, अगिला शाफ्टवै खोल दा. ना रही बाँस, ना बाजी बँसुरी." म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांकडे नेणारा लोखंडी दांडाच काढून टाकायचा. मग खटके लॉक असोत की मोकळे, काही फरक पडत नाही. त्यांनी तो काढला आणि शाफ्टच्या जागी उघड्या पडलेल्या तोंडावर धूळ जाऊ नये म्हणून मिठाईची एक प्लास्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधली. तो दांडा बोरीत, म्हणजे गोणपाटात, गुंडाळून आमच्या घरी, माझ्या पलंगाखाली आला. त्यावर मी माझी लोखंडी पेटी सरकवली.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यांनी कधी काढला नव्हता रे."

"आई, आता परेशान नको करूस," हे म्हणाले.

संक्रांतीला रामनगरच्या नातेवाइकांकडे हळदीकुंकू होतं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तिथल्या सगळ्यांना भेटायचं होतं, म्हणून आम्ही तिघं निघालो. शेड उघडली, खटके लॉक. हे हसले, म्हणाले, राहू दे, आता कोणाला काय फरक पडतो. हळदीकुंकू आटोपलं, आणि येताना भर दुपारी यांना नदीकाठच्या रेतीतून गाडी घालायची लहर आली. मी नको म्हटलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

पूल समोर दिसत होता तेव्हा आईंनी माझा हात धरला. "छातीत कसंतरी होतंय गं." चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. यांनी घाईघाईत गाडी वळवली, आणि मागची चाकं ओल्या रेतीत रुतली.

जेवढी रेस द्यावी तेवढी चाकं खाली. मी उतरून मागच्या चाकांखाली माझी शाल घातली, ती त्यांनी गिळली. आजूबाजूला माणूस नाही. होड्या सगळ्या पलीकडच्या घाटाला. हे ओरडून मला विचारत होते काय करू, आणि मी फळी, दगड काहीतरी मिळतंय का बघत गाडीभोवती फिरत होते. आई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, गेल्या आता. शाफ्ट काढायच्या हट्टापायी गेल्या.

तेवढ्यात यांनी सवयीने लिव्हर ओढला. मी तेव्हा पुढच्या डाव्या चाकाशी उभी होते. जीप जागची हललेली नव्हती आणि पुढचं चाक फिरायला लागलं. रेतीचा फवारा माझ्या पैठणीवर. दोन गचके बसले आणि गाडी चारही पायांनी उठून वर आली. मी धावत जाऊन चढले. पूल ओलांडून आम्ही थेट इस्पितळ गाठलं.

डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी लल्लन मिस्त्री जीपखाली गेले. बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा पान तोंडात तसंच होतं. "भाभी, पन्नी बँधल बा. जस क तस." मीही साडी खोचून खाली वाकले आणि बघितलं. मिठाईची पिशवी, सुतळीची तीच गाठ, एक भोक नाही. घरी पेटी सरकवून बघितली. शाफ्ट बोरीत, कोरडा, वर धूळ.

शाफ्टशिवाय उभ्या गाडीचं पुढचं चाक जोराने फिरू शकत नाही. हे मी मुलींना फळ्यावर आकृती काढून सिद्ध करून दाखवीन. आणि ते फिरताना मी हातभर अंतरावरून बघितलंय. रेती घट्ट होती, उतार होता, मी घाबरलेले होते... सगळी कारणं शोधून झाली. साडीचे डाग मात्र धोब्याकडूनही निघाले नाहीत.

तीन दिवसांनी आई नीट बोलायला लागल्या. तब्येतीचं नाही, देवाचं नाही, पहिला प्रश्न यांना, "शाफ्ट लगावलास का?"

यांनी त्याच संध्याकाळी लावून घेतला. त्यानंतर शेडमध्ये खटके एकदाही लॉक झालेले सापडले नाहीत. जीप अजून आहे, अजून गळते, विकायचं मी परत कधी म्हटलं नाही. रामनगरला जाताना पुलाअलीकडे हे गाडी थांबवतात आणि माझ्याकडे बघतात. मी कुरकुरत उतरते, दोन्ही खटके फिरवते, आणि कोणी ऐकत नाही असं बघून म्हणते, "केले हो बाबा लॉक."

का म्हणते, ते मला विचारू नका. मला माहीत नाही.