तिकीटवाल्याने मला दिलेली मात

१९५७ साली मी एकतीस वर्षांचा होतो, दिघीच्या तरीवर खलाशी होतो, आणि कोंबडीपासून गुरुजींपर्यंत कोणालाही मात देईल असा माणूस साऱ्या किनाऱ्यावर एकच होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो म्हणजे आमच्या धक्क्यावरचा तिकीटवाला. हे तिकीटवाले बुद्धिबळाच्या पटावर मात शोधायला लागले की तिकिटाच्या खिडकीपुढची माणसं उभी राहून दमत आणि खाली बसत. शेजारणीची कोंबडी सुटली की सगळा पाडा तिच्यामागे धावे, हे जागचे हलत नसत. "पळू नका. तिला किती वाटा हायत त्या मोजा," म्हणत. मग एका वाटेवर टोपली, दुसऱ्या वाटेवर उघडी छत्री, आणि कोंबडी आपल्या पायांनी खुराड्यात.

पटावरही रीत तीच. आधी फक्त शह देणाऱ्या चाली बघायच्या. एका चालीत मात नसेल तर दोन चालींत शोधायची, नाहीतर तीन, आणि दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. दोन शह दिसले तर ज्याला उत्तरं कमी, त्यात आधी शिरायचं. "आपल्याला एक चाल पुरते. समोरच्याचं मात्र एकबी उत्तर उरता कामा न्हाय." परदेशात यंत्राला बुद्धिबळ शिकवतात असं पेपरात आलं, तेव्हा धक्का हसला. हे नाही हसले. म्हणाले, मात शोधायची तर यंत्रही असंच शोधणार. फक्त त्याच्याकडे मधेच कोणी तिकीट मागणार नाही.

मला तिसरीत गुरुजींनी "याच्या डोक्यात खाडीचा चिखल आहे" म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं. तेच गुरुजी अजून शाळेत होते. ते शब्द परत घेत नाहीत तोवर माझी पोरगी शाळेची पायरी चढणार नाही, अशी मी शपथ घेतलेली. पोरगी सात वर्षांची झाली, बायको अबोला धरून थकली, मी हललो नाही. तिकीटवाल्यांनीच गुरुजींशी माझा डाव जमवला: मी हरलो तर पोरगी शाळेत, जिंकलो तर गुरुजी शब्द परत घेणार. पावसाळ्यात होडी वर ओढलेली होती तेवढे चार महिने त्यांनी मला रोज पटावर घासलं.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी धक्क्यावर डाव झाला. शेवटी गुरुजींकडे राजा आणि एक प्यादं उरलं. माझा हात घोड्याकडे गेला, प्यादं मारायला. आणि आठवलं, आमच्या देशी डावात राजा एकटा पडला की बुर्जी, म्हणजे बरोबरी. हात मागे घेतला. शह शोधले. एका शहाला राजाला पळायला दोन घरं, दुसऱ्याला एक. एकवाला दिला. पुन्हा एकच घर. तिसऱ्या शहाला घरच उरलं नाही.

गुरुजींनी टोपी काढली. "चिखल म्हणालो ते मी परत घेतो," म्हणाले. मग हळूच, "पोरीचं नाव काय रे?"

मी तिकीटवाल्यांकडे बघितलं. ते पान लावत होते.

"आता तुला किती वाटा ऱ्हायल्या, मोज."

मी मोजल्या. हरलो असतो तरी पोरगी शाळेत. जिंकलो तर शपथच संपली. चार महिने मी जिला त्यांची शिकवणी समजत होतो, ती माझ्यावरचीच मात होती. मला रागही आला नाही. आज ते नाहीत, खिडकीही नाही. त्यांचे उपकार मी तोंडाने कधी बोलून दाखवले नाहीत, माझा स्वभाव तसा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची वेणी मी स्वतः घातली, वाकडीच झाली. तिच्या काखेत पाटी दिली, बोट धरून शाळेपर्यंत गेलो. आधी तिला पायरी चढवली, मग मी चढलो.