मेजर नव्हं, हवालदार

उजवा तळहात छातीच्या उंचीला आणायचा, समोरून येणारी गाडी थांबवल्यासारखा, आणि म्हणायचं, "मेजर नव्हं. हवालदार." दिवसातून चार-पाच वेळा तरी हे व्हायचं. आपल्याकडे सैन्यातून परतलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. किराणावाले, रिक्षावाले आणि सोसायट्यांचे अध्यक्ष मिळून जेवढे मेजर नेमतात, तेवढे सरकारलाही नेमता यायचे नाहीत. पण ही बढती नाकारणारा माणूस मी एवढा एकच पाहिला, आमच्या कॉलनीतले हे हवालदार. सव्वीस जानेवारीच्या फलकावर सोसायटीने त्यांच्या नावाआधी 'मेजर' छापलं, तेव्हा त्यांनी खिशातलं निळं पेन काढून ते खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'हवालदार' लिहिलं. शेजारी फेटा बांधलेले अध्यक्ष राष्ट्रउभारणीवर बोलत होते.

मी तो विनय समजलो होतो. ती भीती आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. कुणा खऱ्या मेजरच्या कानावर गेलं तर? निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाला ही भीती होती.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यामुळे फेटे, बिल्ले आणि बिगूल यांच्याकडे मी जरा लांबूनच बघतो. आमच्या कॉलनीमागे, विजापूर रोडच्या अंगाला, एक उघडं मैदान आहे. तिथे हवालदार पहाटे साडेपाचला आठ-दहा मुलामुलींना पळवायचे, तेव्हा शिट्टीने माझी झोप मोडायची आणि मी कूस बदलून त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायचो. मग अकरावीतली माझी मुलगी, केतकी, एकदा सकाळी चहा पिताना म्हणाली, "बाबा, मला एनडीएला जायचंय. उद्यापासून हवालदार सरांकडे जाणार आहे मी."

खडकवासल्याला आता मुलींनाही घेतात, ही बातमी वाचून मी स्टाफरूममध्ये त्यावर चांगलं बोललो होतो. ती बातमी आपल्या घरात येईल, असं मात्र वाटलं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकात लढाईची एक ओळ असते आणि त्या ओळीत किती जण मावतात, हे शिकवणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

"महिनाभरात उतरेल खूळ," बायको म्हणाली. ते उतरलं नाही. दहावीत काविळीने केतकीचं एक वर्ष गेलं होतं, त्यामुळे वयाच्या मर्यादेत तिला दोनच संधी मिळणार होत्या. दोन्ही हुकल्या की तो दरवाजा कायमचा बंद.

मी हवालदारांना भेटायला गेलो. ते सांगोल्याकडचे. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. सैन्यात ते गाड्यांच्या ताफ्यावर होते. "साहेब, माझी मुलगी—" मी सुरुवात केली, आणि तळहात वर आला.

"सायेब नगा म्हणू, सर. सायेब म्हणलं की मागं वळून बघावंसं वाटतंय, कोण आलं म्हणून."

"तिला जमेल का हे?"

"पळती चांगली. ऐकती बी. सांगितल्यालं ऐकणारं पोरगं कुटं अडत न्हाय."

पुढे आम्हां दोघांनाही जड गेलेलं वाक्य ते हेच.

लेखी परीक्षा केतकी बारावीत असतानाच पास झाली. गणित तिचं तिने केलं, सामान्यज्ञानातला इतिहास मी बघितला. मग निवड मंडळाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. पाच दिवस राहायचं, चाचण्या द्यायच्या, अधिकाऱ्यांसमोर बसायचं. हवालदार म्हणाले, "सराव तुमच्याकडं घेऊ. टेबल-खुर्ची पायजे."

ठरलं असं की ते कर्नल होऊन खुर्चीत बसतील आणि केतकी दार वाजवून आत येईल. तिने दार वाजवलं, आत आली, आणि हवालदार ताडकन उठून उभे राहिले. तीनदा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा दार वाजलं की त्यांचे गुडघे आपोआप सरळ होत होते. मी हसलो. त्यांच्या कपाळावर घाम आलेला पाहिला आणि हसणं आवरलं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. खुर्ची रिकामी ठेवायची. आपण तिच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, सावधान उभं राहायचं, आणि साहेबांच्या वतीने प्रश्न विचारायचे.

"सायेब इचारत्यात, तुला सैन्यात का यायचंय?"

केतकी रिकाम्या खुर्चीकडे बघून उत्तर द्यायची. हवालदार खुर्चीकडे वाकून कानोसा घ्यायचे. "सायेबाला पटलं न्हाय. आवाज बारीक हाय म्हणत्यात. आनि सायेबानं काय बी म्हणलं तरी पयलं काय म्हणायचं?"

"येस सर."

"हां."

महिनाभर आमच्या दिवाणखान्यात तो न दिसणारा साहेब नांदत होता. कधी त्याचा मूड चांगला असायचा, बहुधा नसायचा. बायको त्या खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवायची बंद झाली. खरं सांगायचं तर मीही तिच्यात बसणं टाळू लागलो.

केतकी बंगळूरला गेली आणि सहाव्या दिवशी निवड न होता परत आली. घरी येऊन हातपाय धुतले, पाणी प्याली आणि भिंतीकडे बघत सांगितलं. मुलाखत घेणारे अधिकारी फार सौम्य होते. सुरुवातीला म्हणाले, मुलींनी आघाडीवर जाऊ नये असं मला वाटतं, बरोबर आहे ना? ही म्हणाली, येस सर. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या. अर्ध्या तासाने म्हणाले, मुलींनी आघाडीवर जायलाच हवं असं मला वाटतं, बरोबर आहे ना? ही म्हणाली, येस सर.

"ते ओरडले असते तर चाललं असतं, बाबा. ते हसले फक्त. वाईट वाटल्यासारखे. आणि मैदानावर गटाला एक ओंडका पलीकडे न्यायचा होता, तेव्हा मी कोण काय सांगतंय याची वाट बघत उभी राहिले. मला रस्ता दिसत होता. तरी उभी राहिले."

मी तसाच उठून हवालदारांकडे गेलो. माणूस घाबरला की शहाणपण शिकवायला लागतो, आणि माझा तर तो धंदाच आहे. "तुम्ही तिला शिपाई केलंत," मी म्हणालो. "तिथे अधिकारी निवडतात. हुकूम ऐकणारे नाही, देणारे. एवढं साधं तुम्हांला कळू नये?"

ते अंगणात चप्पल शिवत बसले होते. सुई हातात तशीच राहिली. पुढचे दोन दिवस मैदानावर शिट्टी वाजली नाही. ती वाजत नाही म्हणूनही माझी झोप मोडत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सर, चोवीस वर्सं मी सायेबाला न्हाय म्हणलो न्हाय. येकदा म्हणायला पायजे हुतं." ते उंबऱ्याकडे बघून बोलत होते. "डोंगरातला रस्ता. पावसानं कडंची माती सुटल्याली. मला दिसत हुतं. नवीन सायेब, कोवळा, म्हणला गाडी काढ. मी येस सर म्हणलो आनि डायवरला सांगितलं. गाडी गेली खाली. मी मागच्या गाडीत हुतो." मग म्हणाले, "न्हाय सर म्हणायला किती येळ लागतो? मी लई वेळा म्हणून बघितलंय, येकटा असताना. श्वासाएवढाबी लागत न्हाय."

मी उंबऱ्याबाहेर त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"आता पोरीला तेवढंच शिकवतो," ते म्हणाले.

ते शिकवणं बघण्यासारखं होतं, आणि बघवतही नव्हतं. लेखी परीक्षा पुन्हा झाली, पुन्हा निघाली, आणि शेवटच्या संधीला दोन महिने उरले. हवालदार मैदानात वाटेल ते हुकूम सोडायचे. उजवा बूट डाव्या पायात घाल. घालायची. भर एप्रिलमध्ये, अकरा वाजता, डोक्यावरची टोपी काढून पळ. पळायची. अशी सकाळ की शेळ्यासुद्धा भिंतीची सावली सोडत नाहीत.

"अगं, न्हाय म्हण की!"

"येस सर."

पोरं हसायची, केतकी रडवेली व्हायची, हवालदार डोक्याला हात लावायचे. मी कडेला उभा राहून बघायचो आणि वाटायचं, ही गेली. हिचा दरवाजा बंद झाला. त्याच वेळी दुसरं मन म्हणायचं, होऊ दे बंद, घरी तरी राहील. कोणतं मन बापाचं आणि कोणतं भेकडाचं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

मग तो दिवस आला. मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाला हवालदारांनी चढायचा दोर बांधला होता. सकाळी त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "केतकी, चढ."

तिने दोर ओढून पाहिला, वर बघितलं. "नाही सर."

हवालदारांना आनंद झाला असणार, पण त्यांनी तो लपवला. "काय म्हणलीस? चढ."

"नाही सर. वरची गाठ सरकतेय."

"गाठ मी बांधलीय. चढ म्हणतो ना!" आता त्या आवाजात नाटक राहिलं नव्हतं. त्यांच्या गाठीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. मला वाटलं, चढेल आता.

"मी नाही चढणार. तुम्हीही चढू नका. आणि बाकीच्यांनी मागे व्हा."

बाकीचे मागे झाले. हवालदारांनी चिडून दोराला झटका दिला. मग दुसरा, पूर्ण अंगाचा भार टाकून. गाठ सुटली आणि सगळा दोर त्यांच्या पायाशी येऊन पडला.

ते त्या दोराकडे बघत खाली मातीत बसले. स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. ते हात इतके थरथरतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कदाचित त्यांनीही. "बरोबर हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय, पोरी." त्या दिवशी कुणीच पळालं नाही.

दुसऱ्या खेपेला केतकी गेली, तेव्हा पहिल्या दिवशी हवालदार आमच्याकडे येऊन थांबले. तिथला नियम असा की पहिल्याच दिवशी चाळणी लावतात. उमेदवारांचे फोन जमा करून घेतात, आणि जे गळतात त्यांना दुपारी फोन परत देऊन घरी पाठवतात. म्हणजे फोन वाजला तर सगळं संपलं. नाही वाजला तर उद्याची काळजी.

टीपॉयवर फोन ठेवून आम्ही दोघे त्याच्याकडे बघत होतो, घरात साप निघाल्यावर बघतात तसं. बायकोने शेंगाचटणी-भाकरी पुढे ठेवली, ती कोणी खाल्ली नाही. पावणेतीनला फोन वाजला. हवालदार उभे राहिले. मी उचलला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी विचारत होती, मला वैयक्तिक कर्ज हवं आहे का. मी इतक्या मनापासून "नको, धन्यवाद" म्हणालो की तीही गोंधळली असावी.

संध्याकाळ झाली. फोन पुन्हा वाजला नाही. "आता तुम्ही झोपा, सर," हवालदार म्हणाले, "मी काय झोपत न्हाय." पाचव्या दिवशी दुपारी केतकीचा फोन आला. "बाबा, झालं," एवढंच ती म्हणाली. मी फोन शेजारी येऊन बसलेल्या हवालदारांकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"भ्या वाटलं का?"

"लई, सर."

"त्यांच्याम्होरं न्हाय म्हणलीस?"

"दोनदा."

त्यांनी फोन मला परत दिला, चपला घातल्या आणि ते घरी गेले.

वैद्यकीय तपासणी झाली, यादीत नाव आलं, केतकी खडकवासल्याला गेली. मला वाटत होतं, आता भीती संपेल. ती फक्त मुक्काम बदलून माझ्याकडे आली. आणि ज्यांच्यासोबत ती वाटून घेता आली असती, ते हवालदार केतकीला पोचवल्यानंतर सातव्या आठवड्यात, गावी मेंढरांच्या वाड्याजवळ बसले असताना, बसल्या जागी गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फलकावर सोसायटीने पुन्हा 'मेजर' छापलं. या वेळी पेन माझ्या खिशात होतं. मी ते काढलं.

केतकीला इतक्यात सांगू नये, प्रशिक्षण अवघड चाललंय, असं बायकोचं म्हणणं होतं. मला ते पटलं होतं. रविवारी केतकीला फोनवर मोजकी मिनिटं मिळाली. जेवण, पायाचे फोड, झोप, सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "सर कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

"बाबा, नाही." तिचा आवाज बदलला. "खरं सांगा."

मी सांगितलं. मग तिने विचारलं, "मैदानावर मुलांकडे कोण बघतं?"

"कुणी नाही."

"उद्या तुम्ही जा."

"अगं, मला काय येतं त्यातलं?"

"येत नसू दे. जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी पायात बाटाच्या चपला आणि अंगात स्वेटर अशा अवतारात मैदानावर गेलो. मला वाटलं होतं, कुणीच नसेल. सात मुलंमुली रांगेत उभी होती, सावधान, अंगठे पँटच्या शिवणीवर. तेरा दिवस ती रोज येत होती, असं कडेची मुलगी म्हणाली. येऊन वीस मिनिटं उभी राहायची आणि परत जायची. येऊ नका, असं सरांनी सांगितलं नव्हतं.

सातही जण माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांच्या समोर, हवालदारांच्या जागेवर, जाऊन उभं राहायची छाती होईना. म्हणून मी रांगेच्या शेवटी गेलो आणि त्या मुलीच्या शेजारी उभा राहिलो. समोर लिंबापर्यंत मोकळी माती होती. आम्ही आठ जण त्या मातीकडे बघत राहिलो.